एक पीएचडी, दोन गाईड

आपल्याकडे कुणी पीएचडीला नाव नोंदवलं की पहिला प्रश्न येतो, "गाईड कोण?" विषय कोणता, हा त्यानंतरचा प्रश्न, आणि तोही बहुतेकदा रीत म्हणून विचारलेला. विचारणाऱ्याला ठाऊक असतं की पुढची पाच-सहा वर्षं सुखात जाणार की सहीसाठी हेलपाटे घालण्यात, हे त्या नावावर ठरणार आहे.

परदेशी प्रयोगशाळांत जाणाऱ्या हजारो चिनी पीएचडीवाल्यांना या प्रश्नाचं उत्तर देताना दोन नावं घ्यावी लागतात. एक घरचा गाईड, एक तिकडचा. घरच्याला ते नुसतं 'दाओशी' म्हणतात, म्हणजे मार्ग दाखवणारा गुरू. तिकडच्याला म्हणतात 'वायदाओ', बाहेरचा गाईड. या दुसऱ्या नात्याबद्दल युरोप-अमेरिकेतल्या प्राध्यापकांचं एक ठरलेलं वाक्य असतं: मुलं हुशार आहेत, मरमर काम करतात, पण तोंड उघडत नाहीत. मग कन्फ्यूशियस, गुरूविषयीचा आदर, पूर्वेची संस्कृती अशी स्पष्टीकरणं येतात. ती खोटी नाहीत, पण मला अर्धवट वाटतात. पैसा कुणाचा, शेवटची सही कुणाची आणि हातात दिवस किती, हे तीन प्रश्न विचारले की त्या गप्प बसण्यातलं बरंचसं आपोआप उलगडतं. कन्फ्यूशियसला त्यानंतर बोलवावं.

आधी व्यवस्था समजून घेऊ. बीजिंगला 'चायना स्कॉलरशिप कौन्सिल' नावाची संस्था आहे. ती १९९६ मध्ये स्थापन झाली आणि शिक्षण मंत्रालयाच्या हाताखाली चालते. २००७ पासून तिने पीएचडीच्या मुलांना मोठ्या प्रमाणावर बाहेर पाठवायला सुरुवात केली. सुरुवातीचं लक्ष्य वर्षाला ५,००० जणांचं होतं. यात दोन प्रकार. काही जण सगळी पीएचडीच परदेशात करतात, तीन-चार वर्षं राहून, पदवी तिकडच्या विद्यापीठाची घेऊन. दुसऱ्या प्रकाराला 'संयुक्त प्रशिक्षण' म्हणतात: नाव चिनी विद्यापीठात, पदवी चिनी विद्यापीठाची, मधले सहा ते चोवीस महिने मात्र परदेशी प्रयोगशाळेत. बरेच जण वर्षभर जातात. दोन गाईडांची खरी गंमत आणि खरी कुचंबणा या दुसऱ्या प्रकारात आहे, म्हणून इथे त्याच्याबद्दलच जास्त लिहितो.

कौन्सिल राहण्याखाण्यासाठी महिन्याला ठरावीक रक्कम देते, जाण्यायेण्याचं विमानभाडं देते. बदल्यात करार असतो. परत यायचं, निदान दोन वर्षं देशात काम करायचं. नाही आलात तर मिळालेला सगळा पैसा अधिक तीस टक्के दंड. दोन हमीदार लागतात, आणि ते बहुधा घरचे किंवा नात्यातले असतात. थोडक्यात, मुलगी विमानात बसते तेव्हा तिच्या मागे दोन माणसांच्या सह्या अडकलेल्या असतात.

श्याओ वांग डेल्फ्टला जाते

एक मुलगी डोळ्यांसमोर आणू. तिला श्याओ वांग म्हणू, म्हणजे 'धाकटी वांग'. चीनमध्ये वांग इतके आहेत की हे नाव आपल्या 'अमुक पाटलां'सारखंच. ती कल्पनेतली आहे, तिच्या बाबतीत घडणाऱ्या गोष्टी मात्र अशा प्रयोगशाळांत रोज घडतात. शीआनच्या एका विद्यापीठात ती मटेरियल सायन्समध्ये पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि वर्षभरासाठी हॉलंडमधल्या डेल्फ्टला निघाली आहे.

शीआनमधलं तिचं जग मराठी माणसाला ओळखीचं वाटेल. दाओशीभोवती जमलेल्या शिष्यपरिवाराला 'शीमन' म्हणतात, शब्दशः गुरूचं दार. त्या दारातून तुमच्या आधी आत गेलेला तो 'शीश्युंग', आपला थोरला गुरुबंधू. थोरली गुरुभगिनी ती 'शीज्ये'. गुरुपत्नीला वेगळा शब्द आहे. एक दिवस शिकवलं तरी तो जन्मभराचा बाप, अशा अर्थाची म्हण आहे. आणि याच बापाला मुलं आपसांत 'लाओबान' म्हणतात, म्हणजे शेठ! हा शब्दही उगाच आलेला नाही. चिनी प्राध्यापक कंपन्यांकडून कामं घेतात, ती कामं मुलं करतात, त्या पैशातून मुलांना महिन्याला थोडंफार मिळतं. बाप आणि शेठ एकाच खुर्चीत बसलेले. प्रबंध सादर करायला सही त्याचीच लागते. यंत्र कसं चालवायचं, कुठला नमुना कसा घासायचा, हे शीश्युंग शिकवतो. सरांना असल्या गोष्टी विचारायच्या नसतात. दर आठवड्याच्या बैठकीत सर विचारतात, मुलगी उत्तर देते, सर पुढचं काम सांगतात.

बाहेरचा गाईड शोधायचं काम मात्र तिचं तिला करावं लागतं. त्याला विद्यार्थी 'ताओत्स' म्हणतात, ओळख नसलेल्या माणसाशी गोडीगुलाबीने सूत जुळवणं असा काहीसा अर्थ. अनोळखी प्राध्यापकांना ईमेल पाठवत बसायचं, कारण आमंत्रणपत्राशिवाय कौन्सिलकडे अर्जच करता येत नाही. डेल्फ्टच्या प्राध्यापकाने 'ये' म्हटलं. त्याचा हिशेबही समजण्यासारखा आहे: वर्षभर दोन शिकलेले हात, पगार चीन सरकारचा. आपल्या अनुदानातून जाणार ती रसायनं, यंत्राचे तास आणि आठवड्यातला त्याचा स्वतःचा एक तास. या शेवटच्या गोष्टीची किंमत सहसा कुणी आधी मोजत नाही.

आता पहिल्याच महिन्यात काय होतं पाहा. प्राध्यापक म्हणतो, मला पहिल्या नावाने हाक मार. आपल्याकडच्या पीएचडीवाल्याने गाईडला एकदा मनातल्या मनात 'ए सुरेश' म्हणून बघावं, मग तिची अवस्था कळेल. ती पहिलं नाव टाळते, ईमेलात 'डिअर प्रोफेसर' लिहिते आणि समोर आल्यावर संबोधनच गाळून वाक्य सुरू करते. पहिल्या भेटीत तो विचारतो, "मग, तुला काय करायचंय?" तिच्या कानांना हा शिष्टाचार वाटतो, खरं काम सर पुढच्या वेळी सांगतील. त्याच्या लेखी तो अगदी खरा प्रश्न असतो. तिसऱ्या वर्षाची संशोधक आहे, स्वतःचा विषय घेऊन आली आहे, ती सांगेल आणि आपण मदत करू. दोघंही सभ्य, दोघंही वाट बघतायत. तीन आठवडे जातात.

मग ती धीर करून ईमेल लिहिते. दोन ओळींच्या ईमेलला तासभर लागतो. आपण फार कामात असता याची जाणीव आहे, त्रास देतेय त्याबद्दल क्षमा असावी, वगैरे. तो रेल्वेत बसून वीस सेकंदांत उत्तर देतो: "हो हो, कधीही ये." आणि ती जात नाही. का जात नाही, हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. "या की एकदा घरी" असं रस्त्यात कुणी म्हटलं की आपण काही लगेच चप्पल घालून निघत नाही. दिवस-वेळ सांगितली तर ते बोलावणं. डच माणसाने 'कधीही' म्हटलं ते मात्र खरंच कधीही असतं. इकडे त्याची समजूत होते की मुलीचं सगळं सुरळीत चाललंय, म्हणूनच ती येत नाही.

दुसरी गोष्ट नमुन्याची. तिने बनवलेल्या पातळ थराच्या क्ष-किरण आलेखात एक शिखर नको तिथे उगवलं. शीआनमध्ये असा आलेख बैठकीत दाखवला असता तर चारचौघांत बोलणी बसली असती, म्हणून तिथली सवय अशी की नमुना पुन्हा बनवायचा, पुन्हा मोजायचा, शिखर गेलं की मग दाखवायचा. डेल्फ्टमध्येही तिने तेच केलं. तीनदा. तीन आठवडे भट्टी, आम्ल, धुणं, सुकवणं. शिखर जाईना. शेवटी नाइलाजाने तिने तो आलेख सरकवला तेव्हा प्राध्यापक खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "हे कधीपासून दिसतंय? हे तर भारी आहे!" तो आलेख त्याला पहिल्या दिवशीच हवा होता. तिच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. तिला ते 'इतके दिवस काय करत होतीस' असं ऐकू आलं.

या फरकाला चिनी विद्यार्थ्यांनी मोठे मासलेवाईक शब्द काढले आहेत. सतत मागे लागणारा गाईड 'पुश' असतो. हा इंग्रजी शब्द त्यांनी विशेषण करून टाकला आहे, "माझे सर फार पुश आहेत" अशा थाटात. त्याच्या उलट तो 'फांगयांग' करणारा, म्हणजे मेंढ्या चरायला मोकळ्या सोडून देणारा. घरचा पुश, बाहेरचा फांगयांग, अशी जोडी वाट्याला आली की वर्षभर सकाळ एका जगात आणि रात्र दुसऱ्या जगात जाते, कारण शीआनचे सर व्हीचॅट या चिनी मेसेजिंग अॅपवर प्रगती विचारतच असतात. तिकडे सकाळचे आठ वाजले की डेल्फ्टमध्ये हिवाळ्यात रात्रीचा एक वाजलेला असतो.

गप्प का बसतात

इथे पुन्हा त्या तीन प्रश्नांकडे येतो. श्याओ वांगच्या बाबतीत पैसा चीन सरकारचा, सही शीआनच्या सरांची, मुदत बारा महिने. डेल्फ्टच्या प्राध्यापकाच्या हातात तिला नापास करणं नाही, पास करणंही नाही. तिच्या प्रबंधाशी त्याचा कागदोपत्री संबंध जवळजवळ शून्य. त्याच्या खोलीबाहेर बसणारे डच पीएचडीवाले विद्यापीठाचे पगारी नोकर आहेत, चार वर्षांच्या करारावर. त्यांचं वर्षअखेर मूल्यमापन होतं, त्यांच्या यशापयशाचा जाब त्याला द्यावा लागतो. ती मात्र पाहुणी. पाहुण्याला कुणी रागावत नाही, आणि पाहुण्यासाठी कुणी रात्री जागून मसुदाही तपासत नाही. ती जे काही मिळवेल ते त्याच्या मर्जीने आणि तिच्या मागण्याने. मागायची सवय तर घरी लागलेलीच नाही.

माझ्या म्हणण्याला एक आडून पुरावा आहे. त्याच प्रयोगशाळेत पुण्याहून किंवा नागपूरहून आलेला मुलगा असतो. आदराच्या बाबतीत आपणही काही कमी नाही. 'सर, सर' करत वाढलेलो आहोत. पण तो सहसा पूर्ण पदवीसाठी आलेला असतो. अमेरिकेत असेल तर बहुतेकदा पगार त्याच प्राध्यापकाच्या अनुदानातून किंवा विद्यापीठातल्या शिकवण्याच्या कामातून, आणि सहीही त्याच प्राध्यापकाची. वर्ष-दीड वर्षात तो बोलायला लागतो, वादही घालतो, कारण नाही घातला तर त्याचंच नुकसान. संस्कार दोघांचे मिळतेजुळते, करार वेगळे. अर्थात त्याच्या वाट्याला दुसरा जाच येतो: पैसा, सही आणि व्हिसा या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मुठीत. तो वेगळ्या लेखाचा विषय.

बारा महिन्यांचा हिशेबही मांडून बघा. पहिले दोन महिने राहण्याचा परवाना, बँक, सुरक्षेचे वर्ग आणि यंत्र हाताळायचं प्रशिक्षण यांत जातात. ऑगस्टमध्ये हॉलंड सुट्टीवर, डिसेंबरचे शेवटचे दोन आठवडे तसेच. शेवटचा महिना आवराआवर, वकिलातीला द्यायचे अहवाल आणि परतीच्या कागदपत्रांचा. खरं काम सात-आठ महिन्यांचं. त्यात नात्याची घडी बसायलाच तीन महिने गेले तर निबंध तयार व्हायच्या आत विमानाची तारीख येते.

आणि निबंधावरूनच खरी ठिणगी पडते. शास्त्रीय निबंधावर नावांचा क्रम असतो, पत्रव्यवहार करणाऱ्या मुख्य लेखकाच्या नावापुढे तारांकन असतं, आणि प्रत्येक नावाखाली संस्था असते. चिनी विद्यापीठांत पदवीसाठी, बढतीसाठी निबंध मोजताना पहिली संस्था आपली आहे का, हे पाहण्याची पक्की सवय आहे. शीआनच्या सरांना म्हणून आपलं विद्यापीठ पहिलं हवं आणि तारांकन आपल्याकडे. डेल्फ्टवाला म्हणतो, यंत्रं माझी, रसायनं माझी, ते शिखर कशामुळे आलं ती कल्पना माझी. मग पहिलं नाव कुणाच्या संस्थेचं? यातून तोडगे निघतात, दोघांनाही तारांकन, दोन्ही संस्था. पण ते काढायचं काम कुणाकडे येतं? तिघांत जिची ताकद सगळ्यात कमी, तिच्याकडे. ती एका गुरूचा निरोप दुसऱ्याला पोचवते, दोन भाषांत, दोन्हीकडे तिखट काढून टाकत. चिनी सरकारने २०२० मध्ये विद्यापीठांना बजावलं की केवळ निबंधांच्या संख्येवर माणूस जोखू नका. पण वर्षानुवर्षांची मोजायची सवय एका परिपत्रकाने जात नाही. अनुभवी शीज्ये म्हणूनच नव्या मुलींना सांगतात की हे पहिल्याच महिन्यात विचारून घे, ईमेलात, लेखी. विचारताना लाज वाटते. नंतर जे होतं ते त्याहून वाईट असतं.

चिनी मुलं मुळातच मान खाली घालणारी असतात, असं मात्र समजू नये. २०२४ च्या जानेवारीत वूहानच्या शेतकी विद्यापीठातल्या अकरा विद्यार्थ्यांनी आपल्या गाईडने आकडेवारीत फेरफार केल्याची तक्रार शंभरावर पानांच्या पुराव्यासह जाहीर केली आणि विद्यापीठाला कारवाई करावी लागली. त्याआधी, २०२० मध्ये, शिक्षण मंत्रालयाने गाईडांसाठी दहा नियमांची आचारसंहिता काढली होती. नियम काढावे लागले, यातच काय ते आलं.

जुना हिशेब

'शिकून या, पण त्यांचे होऊ नका' ही चीनची घालमेल फार जुनी. १८७२ पासून चिंग दरबाराने चार तुकड्यांत १२० मुलं अमेरिकेत पाठवली, येल विद्यापीठातून १८५४ मध्ये पदवी घेतलेल्या युंग विंग यांच्या आग्रहावरून. मुलं न्यू इंग्लंडमधल्या घरांत राहिली, बेसबॉल खेळू लागली, काहींनी वेणी कापली (ती राखणं म्हणजे चिंग दरबाराशी निष्ठेची खूण), काही चर्चमध्ये जाऊ लागले. यजमानांशी नातं फारच छान जुळलं, आणि तीच तक्रार झाली. १८८१ मध्ये सगळ्यांना परत बोलावण्यात आलं. त्यांच्यातल्याच जान त्येनयू यांनी पुढे बीजिंग ते जांगज्याकौ हा डोंगरातला रेल्वेमार्ग बांधला. आजच्या करारातले हमीदार बघितले की मला ती वेणी आठवते.

दुसरी गोष्ट आपल्या जवळची. कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई तत्त्वज्ञान शिकवत. बाबासाहेब आंबेडकर तिथे १९१३ ते १९१६ होते आणि ड्यूईंच्या वर्गांना बसत. गाईड त्यांचे अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन. १९१५ मध्ये ड्यूईंकडेच पीएचडी करायला हू श आले. बोलीभाषेत लिहिण्याच्या चिनी चळवळीचे ते पुढे अग्रणी झाले. एकाच गुरूच्या वर्गातले हे दोघे आपापल्या देशात काय काय करून गेले हे वेगळं सांगायला नको. हू श १९१७ मध्ये तोंडी परीक्षा देऊन परतले, पण प्रबंधाच्या छापील प्रती द्यायच्या राहिल्या आणि पदवी रीतसर हाती आली ती १९२७ मध्ये! पदवी रखडलेल्या मुलांना हा दाखला द्यायला हरकत नाही. मधल्या काळात, १९१९ मध्ये, ड्यूई जपानला आले असताना जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांना चीनला बोलावलं. आले ते दोन वर्षांहून जास्त राहिले. गावोगाव व्याख्यानं झाली आणि त्यांतल्या कितीतरी व्याख्यानांना शेजारी उभं राहून भाषांतर करायला हू श होते.

तिसरं चित्र १९४५ चं, जर्मनीतल्या ग्योटिंगेनचं. अमेरिकेतल्या कॅलटेक या विज्ञानसंस्थेचे थिओडोर फॉन कारमान अमेरिकी लष्कराच्या वतीने जर्मन शास्त्रज्ञांची चौकशी करायला गेले. सोबत त्यांचा चिनी शिष्य च्येन श्वेसेन, आणि समोर बसलेले लुडविग प्रांटल, खुद्द कारमान यांचे गुरू. जर्मन भाषेत पीएचडीच्या गाईडला 'डॉक्टरफाटर' म्हणतात, डॉक्टरबाप. म्हणजे त्या खोलीत आजोबा, बाप आणि नातू होते, आणि नातू जिंकलेल्यांच्या बाजूने आजोबांना प्रश्न विचारत होता. पाचच वर्षांनी त्याच नातवावर कम्युनिस्ट असल्याचा संशय घेऊन अमेरिकेने त्याला गोपनीय कामातून काढलं, जवळपास पाच वर्षं अडकवून ठेवलं आणि १९५५ मध्ये चीनला जाऊ दिलं. चीनचा क्षेपणास्त्र कार्यक्रम त्याने उभा केला. गुरू-शिष्यांत काही बिनसलं नव्हतं.

तेच आज लहान प्रमाणावर चालू आहे. २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेने चिनी लष्कराशी जोडलेल्या संस्थांतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना व्हिसा नाकारणारा आदेश काढला. जर्मनीतल्या एर्लांगेन-न्यूर्नबर्ग विद्यापीठाने जून २०२३ पासून केवळ कौन्सिलच्या पैशावर येणाऱ्यांना घेणं थांबवलं. स्वीडनमध्ये त्याच वर्षी त्या करारांमधली निष्ठेची अट आणि हमीदारांचा मुद्दा वर्तमानपत्रांत गाजला. गुप्त माहिती बाहेर जाण्याची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. काही क्षेत्रांत ती रास्तच आहे. पण डेल्फ्टच्या त्या प्राध्यापकाला आता 'ये' म्हणण्याआधी एक जास्तीचा अर्ज भरावा लागतो, कधी एखादं यंत्र तिला वापरू द्यायचं की नाही हे दुसऱ्याच कुणाला विचारावं लागतं. आधीच पाहुणी, त्यात आता तपासून घेतलेली पाहुणी. अशा घरात माणूस मोकळेपणाने प्रश्न विचारेल, ही अपेक्षा जरा जास्तच.

तरीही नाती जुळतात. ती बहुधा तारीख ठरवलेल्या भेटींतून जुळतात. दर मंगळवारी साडेदहा, अर्धा तास, अर्धवट आलेख चालतील, असं ज्या प्राध्यापकाने पहिल्या आठवड्यात सांगितलं, त्याच्याकडची मुलं दुसऱ्या महिन्यात बोलू लागतात. 'कधीही ये'पेक्षा 'मंगळवारी साडेदहा' हे जास्त आपुलकीचं बोलणं आहे, हे त्या डच माणसाला कुणी तरी सांगायला हवं.

श्याओ वांगचा निबंध परत गेल्यावर आठ महिन्यांनी छापून आला, दोन तारांकनांसह. पुढच्या वसंतात शीआनच्या सरांनी डेल्फ्टच्या प्राध्यापकाला व्याख्यानाला बोलावलं. रात्री जेवणाला गोल टेबल, आणि दाराकडे तोंड असलेली मानाची खुर्ची पाहुण्याला. त्याने ती ओळखली नाही आणि दाराजवळच बसू लागला. तिने कोपराला धरून त्याला पलीकडे नेलं. मग ती दोघांच्या मध्ये बसली. शीआनचे सर पाचेक मिनिटं बोलले. तो तिच्याकडे वळून म्हणाला, "काय म्हणाले?"

"म्हणाले, तुम्ही मला काही शिकवायच्या आधी मी तीन आठवडे वाया घालवले."

"असं म्हणाले?"

"नाही," ती म्हणाली, आणि त्याच्या कपात चहा ओतला. "हे मी म्हणतेय."